चौदा वर्षं झोपलेली फियाट

मागच्या महिन्यात आपण माळ्यावरचा पितळी स्टोव्ह खाली काढला होता, आठवतंय ना? बर्नर, वॉशर, पिन आणि शेवटी ती निळी ज्योत. या वेळची वस्तू माळ्यावर मावणारी नाही. तिला चार चाकं आहेत, पुढे सोफ्यासारखी एकसलग सीट आहे आणि ती आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौदा वर्षं उभी होती.

आजोबांची प्रीमियर पद्मिनी. घरात मात्र तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, सगळे 'फियाट'च म्हणतात. त्यात चूक काही नाही म्हणा. मूळ गाडी इटलीच्या फियाट कंपनीची, ११०० मॉडेलची. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स बनवायची. १९७४ पासून तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. १०८९ सीसीचं छोटंसं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसला असाल तर तुम्ही या गाडीत बसलेले आहात.

आम्ही बडोद्याचे. दांडिया बझारात आमचं जुनं घर. आजोबांनी नंबर लावून, काही वर्षं वाट पाहून १९८२ मध्ये ही गाडी घेतली. तेव्हा गाडी विकत घ्यायची नसायची, ती 'लागायची'. २०११ च्या दिवाळीत त्यांनी ती शेवटची चालवली. मग डोळे, मग गुडघे, आणि मग आजोबाच गेले. गाडी तशीच राहिली. टाकीत अर्धी टाकी पेट्रोल होतं, ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. आजची सगळी गोष्ट त्या अर्ध्या टाकीची आहे.

या वर्षी घर पुनर्बांधणीला द्यायचं ठरलं. दसऱ्याच्या आत जागा रिकामी करून द्यायची. भांडीकुंडी, कपाटं, झोपाळा सगळ्याची वाटणी झाली, आणि उरली फियाट. सुरतच्या काकांनी फोनवर सरळ सांगितलं, "भंगारवाल्याशी मी बोलून ठेवलंय. स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर शेडमधून बाहेर आली तर माझ्या बंगल्यात जागा आहे. नाहीतर वजनावर जाऊ दे."

आजी यावर काहीच बोलली नाही. आमच्या आजीचं काहीच न बोलणं म्हणजे काय असतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आता मी कबूल करते. मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. इंग्रजी साहित्यात बीए केलंय, दिवसभर लॅपटॉपवर लिहिते, स्कूटरचं पंक्चर काढायलाही दुसऱ्याकडे जाते. पण बाबांना आणि मला वाटलं, त्यात काय? बॅटरी नवी घालू, पेट्रोल ताजं घालू, किल्ली फिरवू. एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही तेच केलं. पाच लिटर पेट्रोल आणलं आणि जुन्यावरच ओतलं. बॉनेट उघडं ठेवून बाबा किल्ली फिरवत होते, मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. इंजिन घुर्र घुर्र करायचं आणि थांबायचं. दहा वेळा, पंधरा वेळा.

मग वास आला. मला वाटलं, पेट्रोल ओतलंय तर वास येणारच. मी व्हिडिओ काढतच राहिले. त्या व्हिडिओत मागे नीट दिसतंय, कार्ब्युरेटरच्या कडेने पेट्रोल पाझरत इंजिनावर उतरतंय आणि खाली फरशीवर ओघळ आलाय. आणि फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात, दिवेलागणीची वेळ म्हणून, आजी हातात पेटती निरांजन घेऊन तुळशीकडे येतेय. शेडपासून तुळस फार तर बारा फुटांवर.

बाबा ओरडले. आजी तिथेच थबकली आणि तिने तोंडाने फुंकर मारून निरांजन विझवली. देवापुढचा दिवा फुंकरीने विझवू नये म्हणून आम्हाला लहानपणी रागावणारी आमची आजी! त्या दिवशी काही झालं नाही. पण मी तो व्हिडिओ अजून डिलीट केलेला नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात, कोपऱ्यात साचून राहते. ती पेटायला पेट्रोल तापावं लागत नाही. शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपाससुद्धा पेट्रोलवर पेट घेण्याइतकी वाफ तयार होते. म्हणजे बडोद्याच्या एप्रिलचं काय विचारता. ठिणगी स्टार्टरची चालते, पंख्याच्या बटणाची चालते, निरांजनीची तर चालतेच.

दुसऱ्या दिवशी बाबा गप्पपणे चाचांना घेऊन आले. चाचा म्हणजे सत्तरी ओलांडलेले मिस्त्री. आजोबांच्या वेळेपासून हीच गाडी त्यांच्याकडे जायची. गॅरेज आता मुलगा बघतो, तिथे हल्ली लॅपटॉप लावून गाड्या तपासतात. दांडिया बझारातल्या गिऱ्हाइकांमुळे चाचांना मोडकंतोडकं मराठी येतं. त्यांनी आधी बॅटरीची वायर काढली. मग टाकीचं झाकण उघडून नुसता वास घेतला आणि मला म्हणाले, "बेटा, तू पण घे."

मला वाटलं होतं पेट्रोलचा वास येईल. आला जुन्या रंगाच्या डब्याचा. वार्निशसारखा, घशात बसणारा.

तर, पेट्रोल शिळं होतं. दुधासारखं एका दिवसात नाही, पण होतं. पेट्रोल हा एक पदार्थ नसून शेकडो हलक्या-जड पदार्थांचं मिश्रण आहे. त्यातले हलके, पटकन पेट घेणारे घटक आधी उडून जातात. गाडी थंड असताना सुरू होते ती त्यांच्याच जोरावर. मागे राहतात ते जड घटक. ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावत जातात आणि त्यांचा चिकट, डिंकासारखा थर बनतो. तो वाळला की वार्निश. साध्या उभ्या गाडीत पेट्रोल काही महिनेच धड राहतं. आमचं चौदा वर्षांचं होतं. त्यातलं बहुतेक उडूनच गेलेलं, आणि जे उरलं होतं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. आम्ही त्यात पाच लिटर ताजं ओतून काय केलं? तळाला बसलेला सगळा डिंक आणि गंज ढवळला, आणि पंपाने ते इमानेइतबारे पुढे पोचवलं.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. तुमच्या अंगणात, गावच्या घरी, मामाच्या शेडमध्ये अशी गाडी असेल तर किल्ली फिरवू नका. 'बघू तरी चालू होते का' हा मोह आवरा. आधी टाकी रिकामी करायची.

तीही तोंडाने नळी ओढून नाही! मला माहीत आहे, आपल्याकडे प्रत्येक घरात एक तरी काका असतात ज्यांनी नळी तोंडात धरून पेट्रोल काढलंय आणि त्याचा किस्सा ते हसत सांगतात. पेट्रोल पोटात गेलं तर एक वेळ ठीक, पण त्याचा ठसका लागून थोडंसं जरी फुफ्फुसात उतरलं तर तिथे आतून सूज येते आणि माणूस दवाखान्यात जातो. हार्डवेअरच्या दुकानात हाताने दाबायचा फुगा असलेली नळी मिळते. चाचांनी तीच वापरली. पेट्रोल काढलं ते मोकळ्या अंगणात, सकाळी, धातूच्या डब्यात. घरातला गॅस बंद, मोबाइल घरात, आणि दोन किलोचा पावडरवाला अग्निशामक हाताशी. शेजारी वाळूची बादली होती. पाण्याची ठेवायची नाही, कारण पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि पाण्याबरोबर पसरतं.

आठ-नऊ लिटर निघालं. बाबा म्हणाले, गटारात सोडू. चाचा त्यांच्याकडे असे बघत राहिले की बाबांनी विषयच बदलला. गटारात सोडलेलं पेट्रोल बंद पाइपात वाफ होऊन साठतं, आणि ते गटार कुणाच्या तरी घराखालून जात असतं. ते डबे चाचांच्या गॅरेजमध्ये गेले. तिथे जळकं ऑइल गोळा करणारे लोक येतात, त्यांच्याकडे दिलं.

मग टाकी खाली उतरवली. आत टॉर्च मारला तर तळाला लाल-तपकिरी पोपडे. नशिबाने पत्रा कुठे फुटलेला नव्हता. फुटला असता तर बाबांनी नक्की वेल्डिंगवाल्याकडे नेली असती, म्हणून हे वाक्य त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी: पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते, रिकामीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. अशी टाकी वेल्डिंगला लावून जीव गेल्याच्या गोष्टी चाचांनी सांगितल्या, त्या इथे लिहीत नाही.

टाकी धुण्याचा भाग मला सगळ्यात आवडला, कारण त्यात स्वयंपाकघर आलं. आधी कपडे धुण्याची पावडर आणि पाणी, तीन-चार वेळा, वास जाईपर्यंत. मग चाचांनी मूठभर लोखंडी नट मोजून आत टाकले, एकवीस. मी आणि बाबांनी दोन बाजूंनी धरून टाकी पाळण्यासारखी हलवली. आतले नट पत्र्यावर घासून पोपडे सुटे करतात. अख्खी गल्ली बघायला आली. ओतून काढले तेव्हा वीस नट निघाले. एकविसाव्यासाठी अर्धा तास टाकी उलटीपालटी करत होतो. तो आत राहिला असता तर जन्मभर खडखडला असता.

त्यानंतर चाचा म्हणाले, "लिंबू ना फूल लाओ, दो किलो." मी फूलवाल्याकडे जाणार होते! गुजरातीत सायट्रिक ॲसिडला 'लिंबूचं फूल' म्हणतात, हे बडोद्यात जन्मून मला माहीत नव्हतं. आजीला माहीत होतं, ती खमण ढोकळ्यात तेच घालते. टाकी अडतीस लिटरची, त्यात गरम पाणी भरून दोन किलो लिंबूफूल, म्हणजे साधारण पाच टक्क्यांचं पाणी झालं. रात्रभर ठेवलं. सायट्रिक ॲसिड गंज विरघळवतं, पण पुरेसा वेळ मिळाला तर चांगलं लोखंडही खायला लागतं, म्हणून दोन-दोन दिवस विसरून चालत नाही. सकाळी पाणी काढलं तर हिरवट-पिवळं, आणि आतला पत्रा करडा, स्वच्छ. उरलेलं ॲसिड मारायला खायच्या सोड्याचं पाणी घातलं आणि टाकीच्या तोंडातून फेस वर आला. आजी म्हणाली, "हे तर खमणच झालं." खरंच, रसायन तेच आहे.

धुतलेला ओला पत्रा तासाभरात पुन्हा लाल व्हायला लागतो, त्यामुळे सुकवायची घाई असते. मी उत्साहाने हेअर ड्रायर आणला. चाचांनी तो माझ्या हातातून काढून आजीकडे दिला. पेट्रोलच्या टाकीजवळ तापलेली तार आणायची नाही, कितीही धुतलेली असली तरी नाही. कंप्रेसरची हवा आणि मे महिन्यातलं बडोद्याचं ऊन, दोन तासांत टाकी खडखडीत. मग थोडं इंजिन ऑइल आत फिरवून बाहेर ओतलं. आतून रंगासारखा लेप देण्याची सोय बाजारात मिळते. चाचांना ती पसंत नाही. लेप नीट बसला नाही तर काही वर्षांनी त्याचेच पापुद्रे सुटून पंपात जातात असं त्यांचं म्हणणं. आमची टाकी भोकं पडलेली नव्हती, त्यामुळे मी त्यांचं ऐकलं.

टाकीपासून इंजिनापर्यंत गाडीखालून एक बारीक धातूची नळी जाते. तिच्यातून हवा मारली, काळा चिखल निघाला. मधले रबरी पाइप वाकवले तर वाळक्या शेवग्यासारखे मोडले. ते सगळे नवे.

मग पंप. या गाडीत विजेवर चालणारा पंप नाही. इंजिन फिरलं की आतला दांडा एका लहानशा पडद्याला वर-खाली ढकलतो आणि पेट्रोल ओढलं जातं, अगदी विहिरीवरच्या हातपंपासारखं. पडदा रबर लावलेल्या कापडाचा. आमचा कडक होऊन बारीक चिरांनी भरलेला होता. चाचांनी ऑइल मोजायची पट्टी काढून माझ्या नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास! पडदा फाटला की पेट्रोल थेट खाली इंजिन ऑइलमध्ये झिरपतं, ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि मग इंजिन चालू केलं तर बेअरिंगं घासून जातात. म्हणजे आमचं इंजिन त्या रविवारी सुरू झालं नाही, हे बरंच झालं म्हणायचं. ऑइल बदललं. पंपाचा कीट, म्हणजे पडदा, वाल्व आणि गॅस्केट, मुंबईहून माझ्या मामेभावाने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणून पाठवला. मुंबईत हजारो पद्मिनी टॅक्सी होत्या, शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. सुट्या भागांची दुकानं त्या टॅक्सींनीच जगवली, आणि आमच्यासारख्यांना त्याचा फायदा अजून होतोय.

नवा पडदा बसवल्यावर चाचांनी पंप नुसता हातात धरला, दांडा दाबला आणि माझं बोट तोंडाशी लावलं. बोट चपकन ओढलं गेलं. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, ही गाडी सुरू होईल.

आता कार्ब्युरेटर. हल्लीच्या गाड्यांत किती पेट्रोल सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. इथे ते पितळेची बारीक भोकं ठरवतात. त्यांना जेट म्हणतात. आमच्या सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवर आकडे कोरलेले आहेत आणि ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतात. १२० लिहिलं असेल तर भोक १.२० मिलिमीटरचं. गाडी उभी असताना इंजिन ज्या जेटवर चालतं, त्याचं भोक तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. त्यात वार्निशचा एक कण म्हणजे बांधच.

बाबा लगेच स्टोव्हची पिन घेऊन आले. मागच्या महिन्यातली! चाचांनी त्यांच्या हातावर हलकीच चापट मारली. स्टोव्हचं काम वेगळं. इथे पितळ मऊ, पिन पोलादाची. दोनदा फिरवली की भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल पीत राहते. जेट पातळ द्रावणात भिजवून ठेवायचे आणि हवा मारायची. अगदीच हट्टी असेल तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस घालायचा.

सुटे भाग हरवू नयेत म्हणून मी आप्पेपात्र आणलं. एका खळग्यात जेट, दुसऱ्यात स्क्रू, तिसऱ्यात स्प्रिंग, आणि प्रत्येक पायरीचा फोटो. ही युक्ती करून बघा, फक्त त्यात नंतर आप्पे करू नका. आजीने ते पात्र परत घेतलं नाही, आणि नवं आणेपर्यंत माझ्याशी नीट बोललीही नाही.

त्या रविवारचा गुन्हेगार शेवटी सापडला. कार्ब्युरेटरच्या वाटीत एक तरंगणारा फ्लोट असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. तुमच्या फ्लशच्या टाकीत जे होतं तेच. आमची सुई वार्निशने उघडीच चिकटली होती. पंप पेट्रोल पाठवत राहिला, वाटी भरून वाहत राहिली. इतकासा तुकडा, चण्याच्या डाळीएवढ्या टोकाचा, आणि आजी बारा फुटांवर. सुई आणि तिची बैठक नवी घातली. फ्लोटही तपासला. कानाशी हलवायचा, आत खळखळ ऐकू आली तर तो गळका. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघायचे. आमचा ठणठणीत निघाला.

सगळ्यात शेवटी टाकी आणि पंपाच्या मध्ये एक पारदर्शक फिल्टर बसवला, मोटरसायकलला लावतात तसला. काही रुपयांची वस्तू, पण आत कचरा येतोय का हे डोळ्यांना दिसतं. जुन्या गाडीला एवढी एकच नवी गोष्ट लावायची असेल तर ही लावा.

एक प्रश्न मात्र आजोबांच्या काळात नव्हता. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल म्हणजे बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. उसाच्या मळीपासून, रसापासून, मक्यापासून बनणारं हे इथेनॉल कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना मी काय समजावणार, तुमच्या कारखान्यातूनच येतं ते. देशाच्या दृष्टीने त्याचे फायदे असतील, मी त्या वादात पडत नाही. पण १९८२ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि मऊ करतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा फार झाला की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो आणि आपण रात्रभर लिंबूफूल घालून काढलेला गंज पुन्हा सुरू. शिवाय ते उत्तम साफ करतं, म्हणजे नळ्यांत उरलेलं जुनं वार्निश सोडवून पुढे ढकलतं. म्हणून तो फिल्टर.

त्यावर चाचांनी तीन गोष्टी केल्या. रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घातले. पाइपवर 'एसएई जे ३० आर ९' असा छाप असतो, तो बघून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. मुख्य जेट एक नंबर मोठा घातला, कारण इथेनॉल जळायला हवा कमी लागते आणि पेट्रोल जास्त. आणि बाबांना बजावलं की टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल भरून ठेवायचं नाही. थोडं भरा, पंधरा दिवसांतून एकदा चालवा. फार काळ उभी करायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा.

खर्च विचाराल. सुटे भाग, पाइप, फिल्टर, ऑइल मिळून साडेचार हजारांच्या आसपास. चाचांनी मजुरी सांगितलीच नाही, बाबांनी पाकीट दिलं ते त्यांनी न मोजता खिशात टाकलं. नवी बॅटरी वेगळी. ब्रेक आणि टायर हे वेगळं प्रकरण आहे, आणि ते झाल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. नोंदणीची मुदतही कधीच संपलेली आहे, त्याचे आरटीओतले हेलपाटे सुरू आहेत, ते झाले की लिहीन.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, सकाळी आठ वाजता आम्ही अंगणात जमलो. आधी प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवून घेतलं होतं. पेट्रोल पहिल्यांदा टाकीतून नाही, बाजूला ठेवलेल्या लहान डब्यातून. काही चुकलं तर पाइप काढला की विषय संपतो. अग्निशामक माझ्या हातात होता. काका व्हिडिओ कॉलवर, फोन आजीकडे.

बाबांनी चोक ओढला आणि चाचांकडे बघितलं. किल्ली. घुर्र घुर्र. थांबली. चाचांनी बोटानेच 'पुन्हा' म्हटलं. तिसऱ्या वेळी एक खोकला, मागून निळसर धूर, मग दुसरा खोकला, आणि मग ती लागली. डुगडुगत, अडखळत, पण लागली. चाचांनी चोक हळूहळू आत ढकलला तसा आवाज सरळ होत गेला.

मी वाकून कार्ब्युरेटरखाली बोट फिरवलं. कोरडं.

फोनवर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवाज तोच आहे गं." आजीने फोन माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि डावीकडचं दार उघडून आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. शेड ते तुळस, बारा फूट. बाबांनी गाडी तेवढीच पुढे घेतली, हँडब्रेकवर हात ठेवून.

त्या रात्रीपासून चाचांच्या सांगण्यावरून आम्ही इंजिनाखाली आणि टाकीखाली जुना पेपर पसरून ठेवतो. कुठे थेंब पडला तर सकाळी डाग दिसतो. पहिल्या रात्री टाकीच्या जोडापाशी रुपयाएवढा डाग होता, क्लिप आवळली. दुसऱ्या रात्री त्याहून लहान. तिसऱ्या सकाळी पेपर कोरडा होता. आजीने तो उचलला, झटकला आणि चहाबरोबर त्यातलं शब्दकोडं सोडवायला घेतलं.